गॅस संपत नाही, गळतो

एप्रिल उजाडला की देशभरातल्या गॅरेजांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते : "एसी गार करत नाही. गॅस संपलाय, भरून द्या." मोटार पंधरा-वीस वर्षांची असेल, तर हे वाक्य जवळजवळ दरवर्षी उच्चारले जाते. मिस्त्री बॉनेट उघडतो, नळ्या जोडतो, गेजच्या काट्याकडे पाहत सिलिंडरची चावी सोडतो आणि अर्ध्या तासात गार हवा येऊ लागते. हजार-दोन हजार रुपये देऊन मालक समाधानाने घरी परततो. पुढच्या एप्रिलात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

या व्यवहारात कोणी कोणाला जाणूनबुजून फसवतो असे नाही. दिशाभूल होते ती शब्दांमुळे. 'संपणे' हे क्रियापद पेट्रोलला लागू पडते, कारण पेट्रोल जळते. एसीतला गॅस जळत नाही, झिजत नाही, वापरला जाऊन नाहीसाही होत नाही. तो एका बंद वाटेने फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबून तप्त करतो, रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये तो आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन द्रव होतो, ड्रायरमधून गाळून व कोरडा होऊन पुढे सरकतो, एक्सपान्शन व्हॉल्वच्या अरुंद तोंडातून सुटताच त्याचा दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळताना तो मोटारीतली उष्णता शोषून घेतो. तेथून पुन्हा कॉम्प्रेसरकडे. हे चक्र दहा वर्षे चालले तरी त्यातला गॅस तेवढाच राहायला हवा. कमी झाला असेल, तर तो संपलेला नसतो. गळालेला असतो.

घरातला फ्रिज हा याचा रोजचा पुरावा आहे. तोच सिद्धान्त, तसेच चक्र. पण पंधरा-वीस वर्षे चाललेल्या अनेक फ्रिजांत एकदाही गॅस भरावा लागलेला नसतो. फ्रिजच्या नळ्या धातूच्या असतात, सांधे डाख देऊन बंद केलेले असतात आणि मोटर कॉम्प्रेसरसह एकाच बंद डब्यात असते. मोटारीत हे शक्य नाही. तेथे कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणून त्याचा दांडा सीलमधून बाहेर काढावा लागतो. इंजिन हादरते, म्हणून काही नळ्या रबरी होजच्या ठेवाव्या लागतात. सांधे नट-बोल्टचे असतात आणि त्यांत रबरी ओ-रिंगा असतात. काळ, उष्णता आणि हादरे यांनी रबर कडक होते, चिरते. म्हणजे जुन्या मोटारीतून थोडीफार झिरप व्हायचीच. परंतु दरवर्षी गॅस भरावा लागणे ही झिरप नव्हे, तो दुरुस्त न केलेला बिघाड आहे. आणि गळती तशीच ठेवून वरून गॅस भरणे म्हणजे आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

हा बिघाड केवळ मालकाच्या खिशाचा प्रश्न असता, तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. हा गॅस कोणता, याचा इतिहास पाहिला की प्रश्नाचे खरे आकारमान कळते.

१९३०च्या सुमारास अमेरिकेत टॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे सीएफसी, हे शीतक म्हणून पुढे आणले. त्याआधीची शीतके विषारी तरी होती किंवा पेट घेणारी तरी. नवे द्रव्य दोन्ही दोषांपासून मुक्त होते आणि मोटारींच्या एसीत त्यातले आर-१२ अनेक दशके निर्वेधपणे वापरले गेले. १९७४ साली मारियो मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी दाखवून दिले की, हेच स्थिर रेणू वर स्थितांबरात पोहोचून फुटतात आणि त्यांतले क्लोरीन ओझोनचा नाश करते. १९८५मध्ये ब्रिटिश संशोधकांनी अंटार्क्टिकावरील ओझोनच्या छिद्राची नोंद प्रसिद्ध केली. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रिअल करार झाला, भारत १९९२ साली त्यात सामील झाला आणि १ ऑगस्ट २००८पासून, दम्याच्या फवाऱ्यांसारखा वैद्यकीय अपवाद वगळता, देशातले सीएफसीचे उत्पादन थांबले. ठरलेल्या मुदतीच्या सुमारे सतरा महिने आधी. भारतीय विज्ञान-प्रशासनाच्या खात्यावर अभिमानाने मांडावी अशी ही नोंद आहे.

आर-१२ची जागा घेतली आर-१३४एने. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून भारतातल्या नव्या मोटारींत हाच गॅस येऊ लागला आणि आज रस्त्यावरच्या बहुतेक जुन्या मोटारींत तोच आहे. त्यात क्लोरीन नाही, त्यामुळे ओझोनला त्याचा उपद्रव नाही. परंतु उष्णता अडवून धरण्यात तो निष्णात आहे. शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो आर-१३४ए हा सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ घडवतो. म्हणून १५ ऑक्टोबर २०१६ रोजी रवांडाच्या राजधानीत माँट्रिअल कराराला किगाली दुरुस्ती जोडली गेली आणि या वर्गातल्या द्रव्यांचाही वापर टप्प्याटप्प्याने कमी करायचे ठरले. भारताने २०२१मध्ये तिला अनुसमर्थन दिले. भारतासाठीचे वेळापत्रक असे आहे : २०२४ ते २०२६ या तीन वर्षांतल्या वापराच्या सरासरीवर मुख्यतः आधारलेली पायारेषा, २०२८मध्ये वापर गोठवणे, २०३२मध्ये १० टक्के, २०३७मध्ये २० टक्के, २०४२मध्ये ३० टक्के आणि २०४७पर्यंत ८५ टक्के कपात.

आता दरवर्षीच्या 'गॅस भरून द्या'कडे पुन्हा पाहावे. छोट्या मोटारीत साधारण अर्धा किलो गॅस मावतो. तेवढा गळाला, की वातावरणात जाणारा भार सुमारे ७१५ किलो कार्बन डायऑक्साइडइतका होतो. एक लिटर पेट्रोल जाळल्यावर साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे ती गळती ३१० लिटर पेट्रोल जाळण्याच्या बरोबरीची. लिटरमागे पंधरा किलोमीटर धरले, तर हे साडेचार हजार किलोमीटरहून अधिक अंतर झाले. मुंबईहून दिल्लीला तीनदा जाता येईल एवढे. महिन्याकाठी तीनशे किलोमीटर चालणारी एखादी जुनी मोटार वर्षभरात जेवढा धूर सोडते, त्याहून अधिक तापमानवाढ तिचा गळका एसी न दिसणाऱ्या, जवळजवळ वास नसलेल्या वायूने घडवू शकतो. धुराची तपासणी पीयूसी केंद्रावर होते. या वायूची कोठेच होत नाही.

येथेच धोरणातली पोकळी दिसते. आंतरराष्ट्रीय करारांत 'वापर' या शब्दाचा अर्थ ठरलेला आहे : उत्पादन, अधिक आयात, वजा निर्यात. हिशेब कारखान्याच्या फाटकावर आणि बंदरावर होतो. हे शहाणपणाचे आहे, कारण मूठभर कारखाने मोजणे शक्य असते, लाखो नळ्या मोजणे नव्हे. परंतु फाटकातून बाहेर पडलेला गॅस वातावरणात कधी जाईल, हे ठरते शेवटच्या नळीपाशी : गल्लीतल्या गॅरेजात, हमरस्त्याकडेच्या टपरीत आणि आता घरच्या अंगणातही.

घरच्या अंगणाचा उल्लेख नवा वाटेल, पण तो वस्तुस्थितीला धरून आहे. गेजचा संच, व्हॅक्यूम पंप, ओ-रिंगांचे डबे, नवा कॉम्प्रेसर, आर-१३४एचे साडेचारशे ग्रॅमचे छोटे डबे, हे सारे आज घरपोच मिळते. चित्रफिती पाहून शिकणारे हौशी कारागीर सर्व राज्यांत आहेत. पाना-पक्कड हाती धरण्याची हौस ही चांगलीच गोष्ट आहे. जुनी वस्तू टिकवून वापरणे हा भारतीय घराचा स्वभाव आहे आणि पर्यावरणाच्या दृष्टीनेही तो योग्य आहे. अशा घरगुती दुरुस्तीबाबत दोन टोकाची मते ऐकू येतात. एक मत म्हणते, हे धोकादायक आहे, बंदी घाला. दुसरे म्हणते, गाडी ज्याची त्याची, इतरांनी त्यात पडू नये. दोन्ही मते प्रश्नाला बगल देतात. बंदीने गॅरेजातली गळती थांबत नाही. आणि गॅस ज्याचा त्याचा राहत नाही, सुटला की तो सर्वांचा होतो.

योग्य प्रश्न वेगळा आहे : या कामातला कोणता भाग घरी नीट होऊ शकतो आणि कोणता होऊ शकत नाही?

पहिली पायरी निदानाची. गार हवा न येण्याचे कारण प्रत्येक वेळी गॅस नसतो. कंडेन्सरच्या पात्यांत वर्षानुवर्षांची धूळ आणि किडे अडकलेले असतात, समोरचा पंखा मंदावलेला असतो, कॉम्प्रेसरचा क्लच नीट पकडत नाही, किंवा हीटरचा व्हॉल्व पूर्ण बंद न झाल्याने गरम पाण्याची उष्णता गार हवेत मिसळत राहते. हे सारे घरी तपासता येते आणि त्यासाठी गॅसला हात लावावा लागत नाही. गळतीची जागाही पुष्कळदा डोळ्यांना दिसते. गॅसबरोबर तेल फिरत असते, त्यामुळे सांध्यावर तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला तर संशय तेथेच घ्यावा. साबणाचे पाणी आणि अतिनील प्रकाशात चमकणारा रंग ही पुढची साधने.

दुसरी पायरी उरलेला गॅस काढून घेण्याची, आणि हीच घरी होऊ शकत नाही. त्यासाठी गॅस ओढून सिलिंडरमध्ये साठवणारे रिकव्हरी यंत्र लागते. नट सैल करून 'फुस्स' होऊ देणे, हा सर्रास दिसणारा मार्ग या साऱ्या कामातला सर्वांत मोठा अपराध आहे. त्यात धोकाही आहे. दाब सुटताच आर-१३४ए उणे २६ अंशांना उकळतो. बोटांवर किंवा डोळ्यांत उडाला तर हिमदंश होतो. तो हवेहून जड असल्याने बंद गॅरेजात किंवा खड्ड्यात साचून गुदमरवतो, आणि ज्वाळेशी आला तर त्यातून विषारी वायू बनतात. मोठ्या सर्व्हिस सेंटरांत रिकव्हरी यंत्र असते. गाडी तेथे नेऊन गॅस काढून घ्यावा आणि मगच घरी पाना लावावा, हाच सरळ क्रम.

तिसरी पायरी भाग बदलण्याची, आणि ती घरी उत्तम होते. मात्र तिचेही नियम आहेत. चक्र एकदा उघडले, की ड्रायर बदलायचाच. त्यातले शोषक दाणे हवेतला दमटपणा काही वेळातच पिऊन निकामी होतात, आणि कोकणातल्या किंवा केरळातल्या पावसाळ्यात तर अधिकच लवकर. उघडलेल्या सांध्याच्या ओ-रिंगा नव्या, आर-१३४एला चालणाऱ्या रबराच्या आणि तेलाचा हात लावून बसवायच्या. कॉम्प्रेसर अडकून मोडला असेल, तर त्याचा धातूचा चुरा सगळ्या नळ्यांत पसरलेला असतो. जुन्याच कंडेन्सरवर नवा कॉम्प्रेसर बसवला, तर तोही काही दिवसांत त्याच वाटेने जातो. आणि तेल : आर-१३४एच्या कॉम्प्रेसरला लागणारे पॅग तेल ओलावा भराभर ओढते, म्हणून डबा उघडा ठेवायचा नाही. भरायचे तेल अंदाजाने नव्हे, तर काढलेल्या भागातून निघालेले तेल मोजून.

चौथी पायरी व्हॅक्यूमची. घाईत सर्वाधिक वेळा गाळली जाते ती हीच. पंपाने नुसती हवा काढायची नसते, पाणी उकळवून काढायचे असते. तीस अंश तापमानाला पाणी उकळण्यासाठी दाब वातावरणाच्या सुमारे चार टक्क्यांपर्यंत उतरवावा लागतो. म्हणून चांगला पंप अर्धा-पाऊण तास चालवायचा, मग बंद करून काटा हलतो का ते पाहायचे. काटा परत वर चढू लागला, तर गळती अजून आहे किंवा ओलावा. हे टाळले तर आत उरलेले पाणी एक्सपान्शन व्हॉल्वच्या तोंडाशी गोठून एसी मधूनच बंद पाडते, आणि तेलाशी संयोग होऊन आम्ल तयार झाले की धातूही खाते. गळती शोधण्यासाठी दाब द्यायचा असेल, तर कोरडा नायट्रोजन वापरतात. ऑक्सिजन कधीही नाही. पंक्चरवाल्याची दाबाची हवाही नाही, कारण दाबाखाली हवेत मिसळलेला आर-१३४ए पेट घेऊ शकतो.

पाचवी पायरी भरण्याची, आणि येथे गेजच्या काट्यावरची श्रद्धा सोडावी लागते. बंद भांड्यात द्रव आणि वाफ एकत्र असेपर्यंत दाब ठरतो तो तापमानावरून, प्रमाणावरून नव्हे. ४५ अंशांच्या उन्हात आर-१३४एचा डबा अर्धा भरलेला असो की पाऊण, आतला दाब वातावरणाच्या अकरापटीहून अधिकच असतो. चालत्या एसीतला दाबही बाहेरच्या उन्हाप्रमाणे आणि इंजिनच्या वेगाप्रमाणे बदलतो. म्हणून गॅस भरायचा तो वजनाने. बॉनेटखालच्या चिठ्ठीवर गॅसचा प्रकार आणि ग्रॅममधले वजन छापलेले असते. तेवढाच, काट्यावर तोलून. "थोडा जास्त भरा, जास्त गार होईल" हा समज चुकीचा आहे. जास्त गॅसने कंडेन्सरवरचा दाब वाढतो, गारवा कमी होतो, कॉम्प्रेसरचे आयुष्य घटते. डबा जोडायचा तो नेहमी कमी दाबाच्या बाजूला. जास्त दाबाच्या बाजूला जोडला, तर चालत्या एसीचा दाब उलटा डब्यात शिरून डबा फुटू शकतो. म्हणूनच आर-१३४एच्या दोन्ही बाजूंची तोंडे मुद्दाम वेगळ्या मापाची केलेली आहेत. ती अडचण नव्हे, सुरक्षेची सोय आहे.

फार जुन्या, आर-१२वर चालणाऱ्या मोटारी जपणाऱ्यांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. देशात आर-१२चे उत्पादन केव्हाच थांबले आहे. त्या नावाने आज कोणी सिलिंडर पुढे केला, तर त्यात खरोखर काय आहे याचीच शंका घ्यावी. अशा गाडीला आर-१३४एवर आणता येते, पण नुसता गॅस बदलून नव्हे. जुने खनिज तेल काढून सुसंगत तेल, नवा ड्रायर, नव्या ओ-रिंगा, नवी तोंडे, आधीच्या वजनाच्या साधारण ८० ते ९० टक्के गॅस आणि पुढच्या मिस्त्रीला कळावे म्हणून बॉनेटखाली नवी चिठ्ठी, एवढे सारे करावे लागते.

स्वयंपाकाचा गॅस किंवा त्यासारखे मिश्रण भरण्याच्या युक्त्याही कानोकानी पसरतात. त्याने हवा गार होते, हे खरे आहे. पण कूलिंग कॉइल असते प्रवाशांच्या पुढ्यात. ती गळली तर पेटणारा वायू जमतो बंद काचांच्या आत, जेथे स्विचची एक ठिणगी पुरते. भेसळीचा धोका तर त्याहून गंभीर. २०११ साली जहाजांवरील शीतकंटेनरांचे स्फोट होऊन तीन माणसे दगावली. आर-१३४ए म्हणून भरलेल्या गॅसमध्ये मिथाइल क्लोराइडची भेसळ होती. ते ॲल्युमिनियमशी संयोग पावून हवेचा स्पर्श होताच पेटणारे द्रव्य तयार करते. मोटारीचे कंडेन्सरही ॲल्युमिनियमचेच असतात.

या साऱ्यावर एक आक्षेप सहज घेतला जाईल, आणि तो पोकळ नाही. जगाला तापवले श्रीमंत देशांनी. १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान सोसले राजस्थानातल्या फलोदीने. मग वीस वर्षांच्या मोटारीत मुलाबाळांना बसवून उन्हातून जाणाऱ्या माणसाला अर्ध्या किलो गॅसचा जाब का विचारावा? या आक्षेपातला न्याय किगालीनेही मान्य केला आहे. भारताचे वेळापत्रक विकसित देशांच्या मागून सुरू होते, ते त्यासाठीच. गारवा ही चैन राहिलेली नाही, हे सरकारही मानते. १ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या नव्या मालमोटारींच्या चालककक्षात एसी बंधनकारक झाला आहे. तो चालकांच्या आरोग्याचा हक्क आहे. पण त्यामुळेच गळणाऱ्या सांध्यांची संख्याही वाढणार आहे. गळती बुजवणे म्हणजे गारवा सोडणे नव्हे. उलट गळती बुजली तर गारवा टिकतो, पैसे वाचतात आणि वातावरणही वाचते. या प्रश्नात गरिबाचे हित आणि पृथ्वीचे हित एकाच बाजूला आहे. असे नेहमी घडत नाही.

आणि काळ फार उरलेला नाही. युरोपात कोटा आवळला जाऊ लागल्यावर २०१७-१८च्या सुमारास या गॅसांच्या किमती कित्येक पटींनी चढल्या आणि पाठोपाठ चोरटी आयात आली. भारतात वापर गोठवण्याचे वर्ष २०२८ आहे. दरवर्षी गॅस भरण्याची सवय तोवर बदलली नाही, तर महागाईचा पहिला फटका नव्या गाडीवाल्याला बसणार नाही. तो बसेल जुनी गाडी कशीबशी चालवणाऱ्याला, आणि महाग गॅसच्या बाजारात भेसळीलाही तोच बळी पडेल.

म्हणून दोष घरगुती कारागिराच्या किंवा गल्लीतल्या मिस्त्रीच्या माथी मारण्यापेक्षा त्यांच्या हाती योग्य साधने देणे हे धोरणाचे काम आहे. २०१९च्या भारत शीतकरण कृती आराखड्याने २०२२-२३पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. दिशा योग्य होती. आता त्याच्या जोडीला तीन साध्या गोष्टी हव्यात. पहिली, छोट्या डब्यांना आपोआप बंद होणारा व्हॉल्व सक्तीचा करावा. अमेरिकेत २०१८पासून सामान्य ग्राहकाला आर-१३४एचा छोटा डबा मिळतो तो अशाच व्हॉल्वचा, आणि कॅलिफोर्नियात तर डब्यावर दहा डॉलर अनामत घेतली जाते. डबा परत केला की ती मिळते. रिकामा सिलिंडर दिल्याशिवाय भरलेला न घेणाऱ्या भारतीय घराला ही पद्धत समजावून सांगण्याची गरज नाही. दुसरी, तालुक्याच्या ठिकाणी, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये किंवा गॅरेजांच्या संघटनांकडे रिकव्हरी यंत्र भाड्याने उपलब्ध असावे, म्हणजे 'फुस्स' करण्याला पर्याय उरेल. तिसरी, गॅस भरण्याच्या प्रत्येक पावतीवर तीन नोंदी असाव्यात : काढलेल्या गॅसचे वजन, भरलेल्या गॅसचे वजन आणि गळतीची सापडलेली जागा. यातले काहीही अवकाशयानाइतके अवघड नाही.

माँट्रिअल कराराचा इतिहास आशादायक आहे. ओझोन थर जगाच्या बहुतेक भागात २०४०च्या सुमारास आणि अंटार्क्टिकावर २०६६च्या सुमारास १९८०च्या पातळीवर परतेल, असा शास्त्रज्ञांचा २०२२च्या मूल्यमापनातला अंदाज आहे. किगाली पाळली गेली, तर शतकाअखेरपर्यंत ०.३ ते ०.५ अंशांची तापमानवाढ टळेल, असेही तेच मूल्यमापन सांगते. हे यश परिषदांच्या सभागृहात ठरले, पण पार पडते ते सांध्या-सांध्यावर.

तोवर प्रत्येक मोटारमालकाच्या हाती एक उपाय आहे आणि त्याला खर्च येत नाही. पुढच्या उन्हाळ्यात गॅरेजच्या दारात उभे राहिल्यावर "गॅस भरून द्या" असे म्हणण्याआधी त्याने एवढेच विचारावे : "गळतंय कुठे?" ज्या मिस्त्रीला याचे उत्तर शोधावेसे वाटते, तोच खरा कारागीर. आणि घरच्या अंगणात स्वतः पाना हाती घेणाऱ्याने हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा. उत्तर मिळेपर्यंत डब्याचे झाकण उघडू नये.